शिंका, पित्त आणि दुकानातली गोळी

दसरा जवळ आला होता. संध्याकाळच्या वर्गात दहाबारा माणसे जमली होती. आम्ही फळा पुसला आणि त्यावर 'धूळ' हा शब्द लिहिला. तो कोणी वाचायच्या आतच मागच्या ओळीतल्या मावशींना शिंक आली. एक झाली, दोन झाल्या, तीन झाल्या. सातव्या शिंकेला सारा वर्ग हसू लागला.

मावशी पदराने नाक पुसत म्हणाल्या, "हसा बाबांनो, हसा! गुरुजींनी धूळ नुसती फळ्यावर लिहिली, तरी मला शिंका येतात."

"मावशी, एक गोळी घ्या की," कोणीतरी म्हणाले. "मेडिकलमध्ये मिळते. चिठ्ठीबिठ्ठी काही लागत नाही."

तेवढ्यात दुधाचा टेंपो चालवणारे दादा बोलले, "गोळी घ्या, पण माझ्यासारखी घेऊ नका."

मग दादांनी आपली हकिगत सांगितली. गेल्या वर्षी बाजरीची मळणी चालली होती. दादांचे नाक गळत होते, डोळे खाजत होते. रात्री त्यांनी दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेतली. तेवढ्याने भागेना, म्हणून शेजारच्या घरातून अ‍ॅलर्जीची गोळी मागून आणली आणि तीही घेतली. पहाटे चार वाजता दूध घेऊन निघाले. वाटेत डोळा कधी लागला ते कळलेच नाही. जाग आली तेव्हा टेंपो एका बांधावर चढला होता. दूध सांडले, पण जीव वाचला.

"बांधाच्या जागी विहीर असती तर?" दादा म्हणाले, आणि वर्ग गप्प झाला.

त्या रात्री आम्ही नेहमीचा धडा बाजूला ठेवला आणि या गोळीबद्दलच बोललो. जे बोललो, तेच इथे लिहीत आहोत. ही गोळी वाईट नाही. नीट घेतली तर ती माणसाचे हाल वाचवते. पण ती नीट घ्यायची, तर तिची ओळख हवी.

वावडे म्हणजे काय?

आपण म्हणतो ना, "मला वांग्याचं वावडं आहे." डॉक्टर ज्याला अ‍ॅलर्जी म्हणतात, ते हेच. अ‍ॅलर्जी हा शब्द क्लेमेन्स फॉन पिर्के नावाच्या व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी १९०६ मध्ये पहिल्यांदा वापरला. वावडे मात्र आपल्या आज्या-पणज्यांनाही ठाऊक होते.

आपल्या शरीरात राखणदार असतात. रोगाचे जंतू आत शिरले, की ते त्यांच्याशी लढतात. हे त्यांचे काम चांगले आहे. पण काही माणसांचे राखणदार फार घाबरट असतात. साधी धूळ आली, गवताच्या फुलातले पराग आले, धान्याचे तूस आले, तरी त्यांना वाटते चोर आला! मग ते आरडाओरड करतात. वास्तविक धूळ ही काही रोगाचा जंतू नव्हे. पण राखणदाराला कोण सांगणार?

ही आरडाओरड म्हणजे काय? शरीरातल्या काही पेशींमध्ये हिस्टामिन नावाचा रस साठवलेला असतो. राखणदाराने हाक दिली, की तो बाहेर पडतो. तो नाकात पसरला, की शिंका येतात आणि पाणी गळते. डोळ्यांत पसरला, की डोळे लाल होतात आणि खाजतात. कातडीत पसरला, की अंगावर गांधी उठतात. आपण म्हणतो, "पित्त उठलं."

इथे एक घोटाळा होतो, तो लक्षात ठेवा. जेवण बाधून छातीत जळजळते, त्यालाही आपण पित्तच म्हणतो. दुकानात जाऊन नुसते "पित्ताची गोळी द्या" म्हटले, तर दुकानदार जळजळीची गोळी देईल. अंगावर गांधी उठल्या असतील, तर तसे स्पष्ट सांगा. "अंगाला खाज सुटली आहे, गांधी आल्या आहेत," असे म्हणा. घरी आमसुलाचे पाणी अंगाला लावतात. त्याने गार वाटते, त्याला आमची ना नाही. पण गांधी वरचेवर उठू लागल्या, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

गोळी काय करते?

हिस्टामिन ही एक किल्ली आहे असे समजा. नाकात, डोळ्यांत, कातडीत तिची बारीक बारीक कुलपे आहेत. किल्ली कुलपात बसली, की शिंक येते, खाज येते. आपली गोळी काय करते? ती आधीच जाऊन कुलपाच्या भोकात बसते. मग किल्लीला जागाच उरत नाही.

अशा प्रकारचे पहिले औषध १९३७ मध्ये पॅरिसमध्ये सापडले. त्या शोधात डॅनियल बोव्हे हे शास्त्रज्ञ पुढे होते. त्यांना पुढे १९५७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर अशी पुष्कळ औषधे निघाली.

आता कुलपाची गोष्ट नीट कळली, तर आणखी एक गोष्ट आपोआप कळेल. किल्ली कुलपात बसल्यावर गोळी घेतली, तर तिचा उपयोग कमी होतो. गोळी आधी गेली पाहिजे. उद्या मळणी आहे, घराचा माळा झाडायचा आहे, कणगी साफ करायची आहे, असे ठाऊक असेल, तर काम सुरू व्हायच्या एकदोन तास आधी गोळी घ्यावी. पंधरा शिंका झाल्यावर घेण्यापेक्षा ते बरे. ज्यांना दर वर्षी ठरावीक दिवसांतच त्रास होतो, त्यांना डॉक्टर त्या दिवसांपुरती रोज एक गोळी घ्यायला सांगतात.

पण एवढे विसरू नका. गोळीने वावडे मुळातून जात नाही. गोळीचा अंमल संपला, की धूळ तीच आणि नाकही तेच.

झोप आणणारी गोळी आणि कमी झोप आणणारी गोळी

या गोळ्यांचे दोन गट आहेत. हा फरक सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

पहिला गट जुना. त्यातली आपल्याकडची नेहमीची गोळी म्हणजे क्लोरफेनिरामिन. ही डोक्यातही जाते. तिने गुंगी येते, झापड येते. तोंडाला कोरड पडते. रात्री घेतलेल्या गोळीची गुंगी कधी कधी सकाळपर्यंत टिकते. "रात्री घेतली, झोपलो, आता काही नाही," असे माणसाला वाटते. पण हात-पाय आणि नजर अजून सुस्त असतात. दादांचे नेमके हेच झाले.

दुसरा गट नंतर आला. सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन ही त्यातली नावे. यांनी गुंगी कमी येते. दिवसातून एकदा घेतली तरी बहुतेकांना पुरते. पण 'कमी' म्हणजे 'मुळीच नाही' असे नव्हे. सेटिरिझिनने कित्येकांना पेंग येते. त्या मानाने फेक्सोफेनाडिनने फारच कमी लोकांना येते. फेक्सोफेनाडिन मात्र साध्या पाण्याबरोबर घ्यावी. संत्र्या-मोसंब्याच्या रसाबरोबर घेतली, तर ती अंगात कमी भिनते.

"मग मला गुंगी येते की नाही, हे कसं कळायचं?" एका वहिनींनी विचारले.

त्याला उपाय आहे. कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची, ती रात्री घरी असताना घ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी, ट्रॅक्टर, मोटरसायकल चालवायची नसेल, असा दिवस निवडा. कडबा कापायच्या यंत्रावर, मळणी यंत्रावर, उसाच्या चरकावर काम असेल, तर तो दिवसही टाळा. यंत्रात हात जायला एक डुलकी पुरते.

आणि दारू? दारू आणि ही गोळी यांची गाठ कधीच घालू नका. दोन्ही गुंगी आणतात. एकात एक मिळवली, की गुंगी वाढते. झोपेच्या किंवा मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका.

नावे दोन, औषध एक

दुसऱ्या दिवशी दादा दोन्ही गोळ्यांची रिकामी पाकिटे घेऊन वर्गात आले. एका पाकिटावर मोठ्या अक्षरांत एक नाव, दुसऱ्यावर दुसरेच. रंगही वेगळे. दादांना वाटले, दोन वेगळी औषधे असणार.

आम्ही त्यांना मोठ्या नावाच्या खालची बारीक अक्षरे दाखवली. अक्षरे इंग्रजी होती. म्हणून आम्ही वाचून दाखवले आणि फळ्यावर मराठीत लिहिले. पहिल्या पाकिटावर तीन औषधांची नावे होती. तापाचे पॅरासिटामॉल, चोंदलेले नाक मोकळे करणारे फिनाइलेफ्रिन, आणि तिसरे क्लोरफेनिरामिन. दुसऱ्या पाकिटावर एकच नाव. क्लोरफेनिरामिन!

"म्हणजे मी एकच औषध दोनदा घेतलं!" दादा म्हणाले.

होय. ही चूक पुष्कळांकडून होते. एक नाव हे कंपनीचे असते. औषधाचे खरे नाव वेगळे लिहिलेले असते. सर्दीच्या, खोकल्याच्या, तापाच्या कित्येक गोळ्यांत आणि पातळ औषधांत हेच अ‍ॅलर्जीचे औषध मिसळलेले असते. म्हणून सर्दीची गोळी चालू असताना वर अ‍ॅलर्जीची गोळी घेऊ नका. आधी दुकानदाराला विचारा, "या दोन्हींत एकच औषध तर नाही ना?" तो सांगेल. नाही सांगितले, तर घेऊ नका.

जनऔषधी केंद्रात हीच औषधे त्यांच्या खऱ्या नावाने मिळतात आणि स्वस्तही पडतात. खरे नाव ओळखता आले, की पैसेही वाचतात.

आणखी एक गोष्ट पाहून ठेवा. पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायचे असते. दुकानदाराने चिठ्ठी न मागता दिले, म्हणून ते निर्धोक झाले असे नाही. अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांत लेव्होसेटिरिझिनच्या जोडीला मॉन्टेलुकास्ट नावाचे औषध असते. त्याने काही माणसांचे मन बिघडते. वाईट स्वप्ने पडतात, चिडचिड होते, उदास वाटते, जीव नकोसा वाटतो. अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये त्याबद्दल कडक इशारा दिला. हे औषध आपल्या मनाने कधीच सुरू करू नका. चालू असेल आणि असे काही वाटू लागले, तर लगेच डॉक्टरांकडे जा.

कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या बांधून कोणी देत असेल, तर त्याही घेऊ नका. तसल्या पुडीत कधी कधी स्टेरॉईडची गोळी असते. तिने एका दिवसात बरे वाटते, म्हणून माणूस पुन्हा तीच पुडी मागतो. महिनोन्महिने ती पोटात गेली, तर तोंड सुजते, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते.

नाकात मारायची औषधे

नाकासाठी बाटलीतून फवारा मिळतो. थेंबही मिळतात. पण तिथेही दोन जाती आहेत. बाटल्या सारख्या दिसतात, काम अगदी वेगळे.

एक जात चोंदलेले नाक चटकन मोकळे करणारी. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन अशी तिची नावे. पाच-दहा मिनिटांत नाक सुटते. माणूस खूष होतो. पण तीनचार दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर उलटेच होते. औषधाचा अंमल उतरला, की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदते. मग पुन्हा थेंब, पुन्हा चोंदणे. काही माणसे वर्षानुवर्षे ही बाटली खिशात घेऊन हिंडतात. त्यांना वाटते सर्दी जात नाही. खरे तर ती बाटलीच सर्दी धरून ठेवते. ज्यांना रक्तदाब आहे, हृदयाचा आजार आहे, त्यांनी हे थेंब विचारल्याशिवाय वापरू नयेत.

दुसरी जात नाकाची सूज हळूहळू उतरवणारी. फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड, मोमेटासोन ही तिची नावे. हेही स्टेरॉईडच, पण अगदी थोडे आणि फक्त नाकात राहणारे. पोटात घ्यायच्या गोळीइतका त्याचा धोका नसतो. हा फवारा चटकन काम करत नाही. पूर्ण गुण यायला आठवडा-पंधरवडा लागतो. पुष्कळ लोक दोन दिवस मारतात, "काही फरक नाही" म्हणतात, आणि बाटली फेकून देतात. ज्याला दर वर्षी ठरावीक वेळी त्रास होतो, त्याला डॉक्टर हा फवारा त्रासाच्या एकदोन आठवडे आधीपासून सुरू करायला सांगतात. नाक सतत चोंदत असेल, तर गोळीपेक्षा याचाच उपयोग जास्त होतो.

तो मारायचा कसा? आधी नाक शिंकरून साफ करा. बाटली हलवा. मान किंचित पुढे वाकवा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, कानाकडे हवे. हळू श्वास घ्या. जोराने ओढले, तर औषध घशात जाते. नाकातून रक्त येऊ लागले, तर थांबा आणि डॉक्टरांना विचारा.

ज्यांनी जपायचे

लहान मुले. सर्दीच्या पातळ औषधाने पुष्कळ मुलांचे बरेवाईट झाले आहे. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेले औषध चार वर्षांखालच्या मुलाला देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापावा, असे आपल्या देशाच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये बजावले. म्हणून लहान मुलाला आपल्या मनाने औषध देऊ नका. डॉक्टरांनी दिले, तर बाटलीबरोबरच्या मापानेच द्या. स्वयंपाकघरातला चमचा लहान-मोठा असतो. आणि मूल रडते, झोपत नाही, म्हणून हे औषध पाजू नका. ती झोप नव्हे, गुंगी असते. त्यात मुलाचा श्वास मंद होऊ शकतो.

म्हातारी माणसे. जुन्या गटातल्या गोळीने त्यांचा तोल जातो, भान हरपते, रात्री उठताना ती पडतात. मोठ्या माणसांची लघवी आधीच अडत असेल, तर या गोळीने ती पुरती अडते. काचबिंदूचा त्रासही वाढतो. "आजोबांना सर्दी आहे, द्या अर्धी गोळी," असे करू नका.

मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसे. सेटिरिझिन लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंद असेल, तर ते अंगात साठत जाते. अशांना कमी मात्रा लागते. ती डॉक्टरच ठरवतील.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. त्यांच्यासाठी चालतील अशी औषधे आहेत, पण ती कोणती, हे विचारूनच घ्यावे. आशाताईंना सांगितले, तर त्या आरोग्य केंद्रात घेऊन जातील.

आणखी एक गोष्ट. कित्येक माणसे सेटिरिझिन रोज घेऊ लागतात आणि वर्षे लोटतात. मग एक दिवस ती एकदम बंद करतात, आणि अंगभर भयंकर खाज सुटते. असे फार थोड्यांना होते, पण होते. अमेरिकेच्या औषध खात्याने मे २०२५ मध्ये हा इशारा दिला. तेव्हा रोज घ्यायची गरज दोन आठवड्यांच्या पुढे गेली, तर डॉक्टरांना भेटा. बंद कशी करायची, हेही त्यांनाच विचारा.

जिथे गोळी पुरत नाही

इथे नीट लक्ष द्या. यात जिवाचा प्रश्न आहे.

मधमाशी चावली, इंजेक्शन घेतले, नवे औषध पोटात गेले, किंवा शेंगदाणे, कोळंबी असे काही वावड्याचे खाल्ले. आणि थोड्याच वेळात ओठ, जीभ किंवा गळा सुजू लागला, आवाज बसला, श्वास लागला, चक्कर आली, तर गोळीची वाट पाहू नका. अशा वेळी ही गोळी जीव वाचवत नाही. अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन वाचवते, आणि ते दवाखान्यात मिळते. १०८ नंबरला फोन करा. माणसाला आडवे निजवा, पाय जरा उंच ठेवा. श्वास फार लागत असेल, तर त्याला बसू द्या. चालत नेऊ नका.

छातीत घरघर होते, रात्री खोकल्याने जाग येते, जिना चढताना दम लागतो. हे दम्याचे लक्षण असू शकते. दम्यावर ही गोळी उपाय नाही. त्याला तोंडाने ओढायचा पंप लागतो. तो डॉक्टरच देतील.

आणि खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, बारीक ताप येतो, वजन उतरते, थुंकीत रक्त दिसते, तर त्याला अ‍ॅलर्जी म्हणून बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधे तिथे फुकट मिळतात. अ‍ॅलर्जीची गोळी खात क्षय वाढू देणे, ही फार महाग पडणारी चूक आहे.

गोळीच्या आधी करायचे

आमच्या भागात गाजरगवत माजले आहे. गाजराच्या पाल्यासारखी पाने आणि पांढरी बारीक फुले. काही लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात. पुण्याच्या परिसरात ते १९५५-५६ च्या सुमारास लोकांच्या नजरेत आले. मग देशभर पसरले. त्याच्या परागाने शिंका येतात, दमाही उसळतो. त्याला हात लावून लावून काहींच्या तोंडाची, मानेची, हातांची कातडी जाड आणि खाजरी होते. कातडीच्या या रोगाला नुसती गोळी पुरत नाही. गवतापासून दूर राहणे, हाच खरा उपाय. फुले यायच्या आत गवत उपटावे. हातमोजे घालावेत, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. ज्याला त्रास आहे, त्याने मात्र ते काम दुसऱ्याला द्यावे.

मळणीच्या वेळी नाकातोंडाला दुपदरी कापड बांधा. वारा जिकडे धूळ नेतो, त्या बाजूला उभे राहू नका. घरी आल्यावर आंघोळ करा, कपडे बदला, मग जेवायला बसा. घर झाडताना आधी पाणी शिंपडा किंवा ओल्या फडक्याने पुसा. अंथरूण-पांघरूण गरम पाण्यात धुवा आणि उन्हात वाळवा. जलनेती करायची, तर पाणी उकळून गार केलेलेच घ्या आणि त्यात मीठ घाला. एवढे केले, तर कित्येकांना गोळीची गरजच कमी पडते.

वही काढा

शेवटी आम्ही वर्गाला एक काम दिले. तेच काम वाचकांनाही देत आहोत.

दुकानातून चार गोळ्या सुट्या घेतल्या, तर दुकानदार पाकीट कापून देतो. औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख बहुधा दुकानातच राहून जाते. घरी आलेल्या तुकड्यावर काहीच नसते. म्हणून गोळ्या घेतानाच दुकानदाराला म्हणा, "दादा, औषधाचं नाव, ताकद आणि मुदत या कागदावर मराठीत लिहून द्या." तो लिहून देईल. घरी तो कागद वाचा आणि वहीत उतरवा. कोणी घेतली, कोणत्या दिवशी, किती वाजता घेतली, गुंगी आली का, हेही लिहा. डॉक्टरांकडे जाताना वही बरोबर न्या. तिचा त्यांना फार उपयोग होतो.

शेजारणीची गोळी आपण घेऊ नये, आपली तिला देऊ नये. एकाला मानवते, ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

पंधरा दिवसांनी टेंपोवाल्या दादांनी आपली वही आम्हाला दाखवली. पहिल्या पानावर वेड्यावाकड्या, पण स्वच्छ अक्षरांत लिहिले होते:

"क्लोरफेनिरामिन. झोप येते. गाडी असेल तर घ्यायची नाही. डॉक्टरांनी दुसरी दिली. शनिवारी रात्री घेऊन पाहिली. रविवारी गाडी नव्हती. सकाळी डोकं मोकळं होतं."

मावशींनी ती वही हातात घेतली. बोट ठेवून एकेक शब्द वाचला. मग म्हणाल्या, "गुरुजी, मलाही एक वही द्या. दिवाळीची झाडझूड आता जवळ आली."